एकादशीचं इंजेक्शन

वीणा जमिनीला टेकली ती सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारच्या पहाऱ्यात. आज पाचवा दिवस. पुंडलिकबुवा बेळगावात, हृदयाच्या दवाखान्यातल्या बाकावर बसले होते आणि समोरच्या बंद दाराआड त्यांच्या नातीची तपासणी चालली होती. भोवती माणसांची ये-जा, चाकाच्या खुर्च्यांची खडखड, कुणाच्या तरी मोबाईलवर कानडी आरती. पण बुवांच्या कानांत दोन दिवस एकच आवाज बसला होता. टक्. वीणेचा भोपळा सतरंजीला लागल्याचा.

सप्ताह म्हणजे सात दिवस वीणा खाली उतरत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, आणि मध्ये नाम तुटत नाही. दोन-दोन तासांचे पहारे. रामनगरजवळच्या त्यांच्या वाडीत हा नेम बुवांच्या वडिलांनी घातला. खानापूरच्या बाजूनं जमीन कसायला इकडं आले तेव्हा बैलगाडीत संसार होता आणि खांद्यावर हीच वीणा. इतक्या वर्षांत ती सप्ताहात कधी टेकली नव्हती. परवा कविताच्या गळ्यात असताना टेकली.

पोर एकोणीस वर्षांची. दुपारी दोन ते चार हा पहारा तीन वर्षं तिचाच. उभ्या-उभ्या तिचा चेहरा पांढरा पडला, ओठ हलायचे थांबले, एक हात खांब शोधत गेला आणि ती मटकन खाली बसली. मंडपातली झाडून सारी माणसं वीणेकडं धावली. आई तेवढी पोरीकडं धावली.

आणि बुवा? बुवांनी वीणा दोन्ही हातांनी उचलली, भोपळ्याला चीर गेली का ते बोट फिरवून पाहिलं, वीणा कपाळाला लावली, आणि मग मान वळवून विचारलं होतं, "पोरीला काय झालं?"

दार उघडलं. "कविताचे आजोबा कोण? आत बोलावलंय तुम्हाला," नर्स म्हणाली.

आत अंधारलेलं होतं. कविता डाव्या कुशीवर निजलेली, अंगावर चादर. पायाशी तिची आई शकुंतला जुन्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून उभी. डॉक्टरीणबाईंचा एक हात चादरीखाली, दुसरा यंत्रावर, डोळे पडद्यावर.

"आज्जा, बगा की," कविता म्हणाली. "माझं काळीज टीव्हीवर आलंय."

"बोलू नकोस. श्वास सोड आणि थांब."

काळ्या पडद्यावर राखेच्या रंगाचं काहीतरी उघडत-मिटत होतं. बाईंनी एक बटण फिरवलं आणि खोलीत आवाज भरला. बुवांनी डोळे मिटले. ते त्यांना सवयीनंच जमलं. जन्म भजनात गेलेला माणूस. आवाज आला की तो आधी कानांनी चाचपायचा, मग काय ते विचारायचं. धप्, आणि मागून एक लांब घरघर, दळताना जात्यात ओला दाणा आल्यासारखी. धप्, घरघर. धप्, घरघर.

"घरघर हाय," ते न राहवून बोलले. "पण ठेका चुकत न्हाई."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. "मृदंग वाजवता?"

"वाजवायचो. आता बोटं दुखत्यात. वीणेला उभा ऱ्हातो."

"बरोबर ऐकलंत. बारीक वाटेनं रक्त जोरात जातंय, त्याची ती घरघर. पण ठेका शाबूत आहे. ही आजची पहिली चांगली गोष्ट."

मग त्यांनी पडद्यावर चित्र थांबवलं आणि खुर्ची वळवली. घाई नव्हती त्यांच्या बोलण्यात. आणि बुवांना वाटलं, ही बाई कीर्तनाला उभी राहिली तर माणसं ऐकत बसतील.

"हृदयात दारं असतात. त्यातलं हे एक, दोन फळ्यांचं. वरच्या कप्प्यातलं रक्त खालच्या कप्प्यात ह्यातून जातं. ह्या फळ्या मलमलीसारख्या पातळ असायच्या. हिच्या जाड झाल्यात आणि दोन्ही टोकांना एकमेकींना चिकटल्यात. उघडायला गेल्या की मधनं नुसत्या फुगतात. ही बघा."

"वाट केवढी ऱ्हायली हाय?" शकुंतलेनं विचारलं.

"चार चौरस सेंटीमीटरच्या वर असायला हवी. हिची एक आहे." बाईंनी आपलं करंगळीचं नख पुढं केलं. "एवढी."

बुवांनी नकळत आपलंही नख पाहिलं. एवढ्याशा वाटेनं पोरीचं सारं रक्त जात होतं, आणि ती भर दुपारी दोन-दोन तास उभी राहून नाम घेत होती.

"पुढं जायला वाट नाही म्हणून रक्त मागं तुंबतं. वरचा कप्पा मोठा झालाय, फुफ्फुसाकडचा दाब चढलाय. जिना चढताना धाप, आडवं झालं की खोकला. कधीपासून, कविता?"

"परवापासनं."

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

"गेल्या पावसाळ्यापासनं," कविता चादरीत तोंड घालून म्हणाली.

"आणि मला बोलली न्हाईस?" शकुंतलेचा आवाज चढला. "मी मेली व्हते काय?"

"बोलले असते तर आज्जांनी पहारा काढून घेतला असता."

बुवा पडद्यावरच्या त्या नखाएवढ्या वाटेकडं पाहत राहिले. खरंच घेतला असता. आणि वर म्हणाले असते की लक्ष नामात नसलं की दम लागतो. नव्हे, म्हणालेच होते एकदा, दिवाळीच्या सुमाराला, जेव्हा लांबच्या सुरावर तिचा आवाज तुटला होता.

"इकडं बघ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझं पहिलं औषध लिहून देण्याचं नाही. दमलीस की तोंडानं म्हणायचं, दमले. लाजायचं नाही. म्हणशील?"

कवितानं मान हलवली.

"आता बाकीच्या चांगल्या गोष्टी. फळ्या जाड आहेत, पण त्यात चुना साठलेला नाही, अजून लवतात. गळती अगदी थोडी. हृदयाची ताकद उत्तम. आत रक्ताची गाठ दिसत नाही. ते पक्कं करायला घशातून नळी घालून आणखी एकदा पाहू. म्हणजे छाती उघडायची गरज नाही. मांडीच्या शिरेतून एक बारीक फुगा दारापर्यंत न्यायचा, तिथं फुगवायचा, चिकटलेल्या कडा मोकळ्या करायच्या. सोमवारी या."

शकुंतलेनं पिशवीतून आठ वर्षांपूर्वीचा रिपोर्ट काढून दिला. कविता अकरा वर्षांची असताना घसा धरला, ताप आला, आणि मग आज गुडघा सुजला, उद्या घोटा, परवा मनगट, तेव्हाचा. बाईंनी तो वाचला, उलटला, मागच्या कार्डावर बोट ठेवलं.

"पेनिसिलिनचं इंजेक्शन. दर एकवीस दिवसांनी, असं लिहिलंय. वेळच्या वेळी होत होतं?"

यंत्राचा पंखा घुमत होता. बुवांनी तोंड उघडलं.

"म्हैन्यानं व्हायचं," शकुंतला त्यांच्या आधी बोलली. "चूक माझी हाय, डॉक्टर. मी कार्ड नीट वाचलं न्हाई."

"महिना फार लांब होतो. शेवटच्या दिवसांत औषध उतरलेलं असतं, आणि घशाच्या जंतूला तेवढी फट पुरते." मग तिचा चेहरा पाहून बाईंचा आवाज खाली आला. "ऐका. सगळं ह्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. त्या पहिल्याच सांधेतापात फळ्यांच्या कडांना इजा झालेली आहे, ती ह्या जुन्या कागदावर दिसते. मागचं मोजत बसू नका. एक इंजेक्शन आजच देते. इथून पुढं एकवीस म्हणजे एकवीस."

बुवांचं तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं.

आता ही गोष्ट घरात फक्त दोन माणसांना पुरती ठाऊक होती. आठ वर्षांपूर्वी शकुंतलेनं ते कार्ड नीट वाचलं होतं. दहावी झालेली बाई. एकवीस आकडा तिला वाचता येत होता. तिनंच सांगितलं होतं, "मामा, तीन आठवड्यांनी लिवलंय." आणि बुवा हसून म्हणाले होते, "अगं, तीन आठवडे कोण ध्यानात ठेवणार? दर येळी तिथी निराळी. शुद्ध एकादशी धर. घरात उपास असतोच, एकादशी कुणी इसरत न्हाई. देह हलका असतो, औषध अंगाला लागतंय." कविताचा बाप महाबळेश्वर तेव्हा गोव्याला ट्रकवर होता. सासऱ्याचा शब्द सुनेनं मोडायचा नाही, आणि हा तर वीणेकऱ्याचा शब्द. ती गप्प बसली.

तेव्हापासून दर शुद्ध एकादशीला बुवा नातीचं बोट धरून रामनगरला दवाखान्यात जायचे. पाऊस असो, भात लावणी असो, कमरेत उसण असो. इंजेक्शन दुखायचं, परत येताना पोर लंगडायची, आणि ती रडू नये म्हणून बुवा वाटभर गौळण म्हणायचे. आठ वर्षांत एक एकादशी चुकली नाही. आणि प्रत्येक एकादशी आठ-नऊ दिवसांनी चुकलेली होती.

जीपमध्ये बसल्यावर महाबळेश्वरानं पहिल्यांदा काही विचारलं नाही. रामनगर-जोयडा रस्त्यावर जीपनं प्रवासी नेणारा, वडाप करणारा माणूस, गाडी हाताशी असली की त्याला धीर असायचा. खानापूर मागं पडल्यावर शकुंतलेनं सगळं सांगितलं. दार, फळ्या, फुगा, सोमवार. आणि शेवटी कार्डाचं.

"एकवीस लिवलेलं आणि तू म्हैन्यावर धाडलंस?" त्यानं गिअर असा टाकला की गाडी ओरडली. "आबांना विंग्रजी वाचता येत न्हाई, तुला येतंय न्हवं? माहेरच्या जत्रंचा दिवस तेवढा बरोबर मोजतीस!"

"चुकलं म्हटलं न्हवं."

"चुकलं म्हणे. पोरीचं काळीज हाय ते, भाकरी न्हवं चुकायला."

मागच्या बाकावर कवितानं आजोबांकडं पाहिलं. एकादशी कुणाची, हे तिला आठवत होतं. तिनं ओठ उघडले, तेवढ्यात पुढच्या बाकावरून आईचा हात मागं आला आणि तिच्या गुडघ्यावर घट्ट बसला.

लोंढा आलं, गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सागाची पानं गळून पडली होती. पुंडलिकबुवा साठ वर्षं कीर्तनं ऐकत आले होते. हरिश्चंद्र कोणत्या घाटावर उभा राहिला, कुणी कुणासाठी काय सोसलं, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. डोळे पुसत ऐकलेल्या त्या सगळ्या कथा आज जीपमध्ये त्यांच्या शेजारी येऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. तोंड उघडलं नाही. दुसऱ्याच्या लेकीनं आपली चूक पदरात बांधून घेतली आणि आपण ती बांधू दिली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मंडपातून हरिपाठाचे टाळ ऐकू येत होते. पायरीवर देवकीआक्का बसल्या होत्या, बुवांची थोरली बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आल्या त्या इथल्याच झाल्या; वयाची पंच्याहत्तरी गाठली तरी घराची चावी आणि जीभ दोन्ही त्यांच्याच हाती.

"काय म्हणला डॉक्टर? काचंतनं बगितलं व्हय काळीज?"

"डॉक्टरीण व्हती, आज्जी," कविता पायरीवर टेकत म्हणाली. धाप होती, पण हसली. "तिनं मला बी दाखवलं."

"मला इचारलं असतंस तर न बगता सांगितलं असतं. मऊ हाय म्हणून." आक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि लगेच सुनेकडं वळल्या. "काय हाय ते सांग, शकुंतला. दोन दिस माझ्या घशाखाली घास न्हाई."

ओसरीवर बसून शकुंतलेनं पुन्हा सगळं सांगितलं. फुग्याचं ऐकल्यावर आक्कांनी कपाळाला हात लावला.

"काळजात फुगा? काय जत्रा हाय? आधी वीणेचं बगा. साठ वर्षांत टेकली न्हवती ती टेकली. देवाला नारळ फोडा, पोरीला ह्या साली वीणंला हात लावू देऊ नका. मग काय तो फुगा-बिगा."

"आत्ती, वीणा टेकली म्हणून काळीज बिघडलं न्हाई," महाबळेश्वर म्हणाला. "काळीज बिघडलेलं म्हणून वीणा टेकली. आणि काळीज का बिघडलं ते हिला इचारा. कागदावर एकवीस दिवस, हिनं केला म्हैना."

"अगं बाई!" आक्कांचे डोळे मोठे झाले. "शिकलेली सून म्हणून गावभर मिरवलं आम्ही. आईच्या हातनं असं व्हतंय? माझ्या पोटी असती एक पोर तर मी..."

शकुंतला खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. एकाच दिवसात नवरा गेला त्या बाजूला, आत्ती गेल्या त्या बाजूला, आणि ही एकटी ह्या बाजूला. बुवांनी पाहिलं, की ती रडत नाही. जे आपलं नाही ते ओझं माणूस किती सरळ उचलतं!

ते उठून उभे राहिले. पहाऱ्याला उभं राहताना राहायचे तसे, दोन्ही पाय जुळवून.

"थांबा. तिला बोलू नका. म्हैना मी केला."

"आबा, तुमी कशाला मधी..."

"गप, म्हाबळू. आधीच लई उशीर झालाय." त्यांनी शकुंतलेकडं बोट केलं. "तिनं कार्ड वाचलं व्हतं. मला सांगितलं बी व्हतं, तीन आठवडे म्हणून. मीच म्हटलं, एकादशी धर. देवाच्या तिथीला चुकणार न्हाई म्हटलं. एकवीस दिवस मला मोजायला अवघड वाटले, आणि मी ते देवाच्या गळ्यात अडकवले. आज डॉक्टरीण इचारत व्हती तवा ती माझ्यासाठी खोटं बोलली. मी ऐकत उभा ऱ्हायलो. बेळगावपासनं हितवर मी ऐकत आलो."

मंडपातला टाळ तेवढा वाजत राहिला.

"आणि आणखी एक हाय," बुवा म्हणाले. "परवा पोरगी पडली. मी वीणेकडं पळालो."

हे मात्र कुणाला सांगायची गरज नव्हती. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यांनी ते म्हटलं आणि मग त्यांच्यानं उभं राहवेना. शकुंतला धावत आली, तिनं त्यांना खांबाशी बसवलं.

"मामा, कशाला बोललासा? तुमच्या तोंडाकडं सारा गाव बगतंय. सप्ताहात वीणेकऱ्याला कोण बोट दाखवंल म्हणून मी..."

"म्हणून तू आपलं तोंड काळं करून घेतलंस व्हय पोरी?"

मग ती रडली. सकाळपासून आवरून धरलेलं सगळं. महाबळेश्वरानं बायकोकडं पाहिलं आणि नजर वळवली. उठला, आत गेला, तांब्याभर पाणी घेऊन आला आणि आधी तिच्यापुढं धरलं. "घे," एवढंच म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला पाणी आणून दिलं होतं. त्यालाही ते कसं द्यायचं ते नीट कळेना. निम्मं सांडलं.

कविता सरकत सरकत आजोबांपाशी आली. "आज्जा, ती पुलावर पाणी आलेली एकादशी आठवती? छत्री सगळी माझ्यावर, आणि तुमी नखशिखांत भिजलेला. परत येताना तुमालाच ताप."

"आठवती."

"मला तेच आठवतंय. दिवस कोण मोजत व्हतं?"

"मोजायला पायजे व्हते, बाळा."

"आता मोजू," ती म्हणाली.

देवकीआक्का एवढा वेळ गप्प होत्या; घरात हे नवल होतं. त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. बुवांना वाटलं, आक्का रागावली. पण त्या परत आल्या त्यांच्या जपाची कापडी पिशवी घेऊन. माळ ओढताना आक्कांची बोटं वळायची नाहीत, म्हणून त्या चिंचोक्यांवर जप मोजायच्या. एक नाम झालं की एक चिंचोका ह्या वाटीतून त्या वाटीत. त्यांनी पदरात चिंचोके ओतले आणि एकेक करून मोजून वेगळे काढले.

"पुंडू, देवाला कशाला मधी घालतोस? देवानं सांगितलं व्हतं व्हय तुला, माझी तिथी धर म्हणून? मोजायला तू चुकलास. लहानपणी शेळ्या बी तू अशाच मोजायचास, आणि मार मी खायची." त्यांनी नाक पुसलं. "हे एकवीस. मला वाचता येत न्हाई, पण ह्या घरात मोजण्यात माझ्याएवढं पक्कं कोण न्हाई. इंजिक्शान आज दिलं न्हवं? रोज सकाळी एक ह्या वाटीतनं त्या वाटीत. ही वाटी रिकामी झाली की म्हाबळूनं जीप काढायची. एकादशी असो, द्वादशी असो, गावजत्रा असो."

मग शकुंतलेकडं न बघता म्हणाल्या, "आणि तू गं. सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुझ्या. ऊठ. भात वाढते." ज्यांना आक्का ठाऊक, त्यांना ठाऊक की ही माफी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मंडपात माणसं थोडीच होती. टाळकऱ्यांतले दोघे-तिघे, खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्या. वीणा बुवांच्या गळ्यात होती. कविताचा पहारा तेच करणार असं ठरलं होतं. कविता आईबरोबर सतरंजीच्या कडेला नुसती ऐकायला येऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी बसून राहायला मना केलं नव्हतं.

तेवढ्यात देवकीआक्का आल्या. मागं महाबळेश्वर, डोक्यावर घरची लाकडी खुर्ची.

"आक्का, हे काय?"

"खुर्ची. दिसत न्हाई?" आक्कांनी ती विठ्ठलाच्या तसबिरीसमोर ठेवायला लावली, पदरानं झटकली. "कविता, बस हितं."

एक टाळकरी पुढं झाला. "आक्का, पहाऱ्याला उभं ऱ्हायचं असतंय. बुवांच्या वडलांचा नेम हाय."

"माझा बी बापच तो. वीणा खाली ठेवायची न्हाई असं सांगितलंय त्यानं. पोरगीला खाली बसवू नका असं कधी सांगितलं? तू व्हतास का ऐकायला?" टाळकरी मागं सरला. आक्का खुर्चीच्या पायाशी फतकल मारून बसल्या आणि दोन्ही हात ओंजळीसारखे मांडीवर उघडले. "भोपळा माझ्या हातात ऱ्हाईल. बगू कसा टेकतो."

कालच हीच बाई म्हणत होती की पोरीला वीणेला हात लावू देऊ नका. बुवांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं डोळे वटारले. बुवा पुढं झाले. त्यांनी गळ्यातला पट्टा काढला, नातीच्या गळ्यात घातला, आणि नेमाप्रमाणं वाकून तिच्या पायांना हात लावला. ती वाकायला लागली तशी त्यांनी तिला खांद्याशी धरलं. "तू बसून कर नमस्कार. पोचला."

कवितानं तार छेडली. आक्कांच्या ओंजळीत भोपळा गुंजला. पोरीनं नाम उचललं. आवाज लहान, पूर्वीसारखा मंडपाच्या पत्र्याला लागणारा नव्हता. बुवा तिच्या उजव्या अंगाला उभे राहिले. डोळे मिटले की त्यांना कालचा तो आवाज ऐकू यायचा, धप् आणि घरघर. आणि मनातल्या मनात ते त्या ठेक्याला सांगत होते, तू असाच रहा बाबा, सोमवारपर्यंत असाच रहा, वाट मोठी करतो तुझी.

पाऊण तास झाला असेल. नामाच्या दोन आवर्तनांमधली जागा जराशी लांबली. मग आणखी जराशी. कविताची बोटं तारेवर थांबली. तिनं एकदा विठ्ठलाकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि मग मान वळवली.

"आज्जा," ती म्हणाली, साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं. "दमले."

भोपळा आक्कांच्या ओंजळीत होता. दांडी कलली, तार एकदा झणाणली. टाळकऱ्याचा हात पुढं आला, शकुंतला उठली. पण त्यांच्या आधी पुंडलिकबुवा पोचले होते. त्यांनी नातीचं डोकं आपल्या छातीशी घेतलं, कपाळावरचा घाम उपरण्यानं टिपला, आणि तिच्यानं पुरं झालं नव्हतं ते नाम तिच्या केसांत तोंड ठेवून पुरं केलं.

वीणा त्यांनी मग घेतली. तिच्या गळ्यातून, हळूच.